कर्णनाद आणि श्रवणोपचारांचे संशोधन : बातमी कशी वाचावी, आणि तोवर काय करावे?

खाडीकाठ (कोलशेत, ठाणे)

कर्णनादासह (टिनिटस, म्हणजे बाहेर नसलेला आवाज कानात वाजत राहणे) जगणाऱ्या आणि कानाच्या उपचारांवरील संशोधनाच्या बातम्या नेमाने वाचणाऱ्या मंडळींसाठी हा धागा काढत आहे. माझ्या दोन्ही कानांत, डाव्या कानात अधिक, बारीक शिट्टीसारखा आवाज अखंड चालू असतो. नोकरीची उमेदीची वर्षे रबाळ्याच्या एका कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये गेली आणि तिथे कानात बोळे घालण्याचा नियम कागदावरच राहिला होता. माझ्या ऑडिओग्राममध्ये, म्हणजे श्रवणतपासणीच्या आलेखात, ४,००० हर्ट्झपाशी रेघ खोल खाली उतरते आणि ८,००० पाशी थोडी वर येते. वर्षानुवर्षांच्या गोंगाटाने बिघडलेल्या कानाची ही ओळखीची खूण आहे. त्याविषयी आता माझी तक्रार नाही. मला बोलायचे आहे ते आशेविषयी, कारण या दुखण्यात आवाजाने जेवढा त्रास होतो, जवळजवळ तेवढाच भलत्या ठिकाणी गुंतवलेल्या आशेनेही होतो.

दर काही महिन्यांनी कोणीतरी "बहिरेपणावर औषध सापडले" अशी बातमी पाठवते. ती वाचताना दोन प्रश्नांची गल्लत होते. गेलेली श्रवणशक्ती परत आणता येईल का, हा पहिला प्रश्न. कानात वाजणारा, बाहेर नसलेला आवाज कमी करता येईल का, हा दुसरा. दोन्हींचे मूळ पुष्कळदा एकच असले, तरी त्यांची उत्तरे शोधणारी मंडळी, त्यांच्या चाचण्या आणि यशाचे निकष वेगळे आहेत.

माणसाच्या प्रत्येक कानात आवाज टिपणाऱ्या हेअर सेल्स सुमारे १५,००० असतात आणि त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांमध्ये त्या उगवतात हे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात लक्षात आले आणि तेव्हापासून हे माणसात का घडू नये, या प्रश्नाचा पाठपुरावा सुरू आहे. कर्णनादाची गोष्ट अशी की तो बहुधा कानात सुरू होतो, पण टिकतो मेंदूत. ठरावीक पट्टीतील आवाजांचा संदेश कानाकडून येईनासा झाला की मेंदूतील श्रवणकेंद्रे ती उणीव भरून काढण्यासाठी स्वतःची संवेदनशीलता वाढवतात, आणि त्यातून हा नाद उमटतो, असे आजचे प्रमुख स्पष्टीकरण आहे. श्रवणाच्या नसेवरील गाठ काढताना ती नसच कापावी लागलेल्या अनेक रुग्णांचा कर्णनाद पुढेही चालू राहिला, हा त्याला मिळालेला मोठा आधार. त्यामुळे "हेअर सेल्स उगवल्या की शिट्टी थांबेल" हे विधान तर्काला धरून असले तरी अजून कोणी सिद्ध केलेले नाही.

आता चाचण्यांकडे येतो. एफएक्स-३२२ नावाचे औषध कानाच्या पडद्यातून आत टोचून तिथल्या आधारपेशींना नव्या हेअर सेल्स घडवायला लावायचे, अशी कल्पना होती. मोजक्या रुग्णांवरील पहिल्या निष्कर्षांनी जगभरच्या रुग्णांमध्ये उत्साहाची लाट आली. मार्च २०२१ मध्ये दुसऱ्या टप्प्याचा निकाल निराशाजनक आला, रुग्णनिवडीचे निकष अधिक काटेकोर करून घेतलेली पुढची चाचणीही फेब्रुवारी २०२३ मध्ये अयशस्वी ठरली आणि तो कार्यक्रम बंद झाला. युरोपात रीगेन नावाच्या चाचणीत याच दिशेचे दुसरे औषध वापरले गेले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार मुख्य उद्दिष्ट साध्य झाले नाही. खास कर्णनादासाठी कानात टोचायच्या औषधांपैकी एएम-१०१ च्या मोठ्या चाचण्या २०१६ आणि २०१८ मध्ये फसल्या, तर ओटीओ-३१३ ची २०२२ मध्ये.

ही यादी कोणाचे मन खच्ची करण्यासाठी दिलेली नाही. यातल्या बहुतेक औषधांची पहिली छोटी चाचणी आशादायक होती आणि तुलनेसाठी नुसते द्रावण टोचलेला पुरेसा मोठा गट समोर येताच फरक नाहीसा झाला. ओटीओ-३१३ च्या चाचणीत औषध न मिळालेल्या गटालाही बरे वाटले होते. कर्णनाद मोजणारे यंत्र नाही, रुग्णाने सांगितलेल्या उत्तरांवरच सगळी मोजणी चालते, आणि आपली कोणी आस्थेने विचारपूस करत आहे एवढ्यानेसुद्धा ती उत्तरे बदलतात. म्हणून मी आता बातमीत सर्वांत आधी तुलनेचा गट शोधतो. तो नसेल तर बातमी बाजूला ठेवतो.

इतर मंडळी कसे ठरवतात, ते जाणून घ्यायचे आहे.

सीवूड्सची वाचक

अतिशय गरजेचा विषय. माझ्या सासूबाईंना दोन्ही कानांत रातकिड्यांसारखा आवाज येतो. दिवसा घरात माणसांची वर्दळ असते तोवर त्यांना विशेष जाणवत नाही, परंतु रात्री दिवे मालवले की त्या अंथरुणात उठून बसतात. जवळच्या डॉक्टरांनी गिंको बिलोबाच्या गोळ्या आणि चक्कर येऊ नये म्हणून देतात ते बेटाहिस्टिन सुरू केले, तेही चक्कर येत नसताना. गोळ्या बराच काळ चालू आहेत, गुण दिसत नाही. बंद कराव्यात का, हे इथे विचारणे योग्य नाही याची जाणीव आहे. पण या गोळ्यांविषयी संशोधन काय म्हणते, ते कोणी सांगेल का?

नौपाड्यातील ऑडिओलॉजिस्ट

मी ठाण्यात श्रवणतपासणीचे काम करते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. गोळ्यांविषयीचा निर्णय सासूबाईंच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. त्या रक्त पातळ करणारे औषध घेत असतील, तर गिंकोबद्दल त्यांना आवर्जून सांगा, कारण दोन्ही मिळून रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. संशोधन विचाराल तर अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत सततच्या कर्णनादासाठी गिंको, मेलाटोनिन आणि झिंक यांची शिफारस करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. उपलब्ध चाचण्यांचे एकत्रित परीक्षण करणाऱ्या कॉक्रेन गटालाही गिंको किंवा बेटाहिस्टिन यांचा कर्णनादावर उपयोग होतो असा भरवशाचा पुरावा मिळालेला नाही.

त्याच तत्त्वांमध्ये ज्या गोष्टी करा असे सांगितले आहे, त्या आपल्याकडे मागे पडतात. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावून पाहणे, ही पहिली. रुग्ण मला म्हणतात, "मॅडम, मला ऐकू येते, फक्त शिट्टी बंद करा." मग त्यांना तपासणीच्या बंद खोलीत बसवते, हेडफोन लावते आणि आवाज आला की बटण दाबायला सांगते. २५० आणि ५०० हर्ट्झला बटण तत्परतेने दाबले जाते. ४,००० ला मी आवाज वाढवत नेते, काचेपलीकडे माणूस शांत बसलेला असतो आणि बटण हातात तसेच असते. बाहेर आल्यावर तो आलेख त्यांच्यापुढे ठेवला की "स", "फ", "थ" ही अक्षरे निसटतात कशी आणि घरातले लोक पुटपुटतात असे का वाटते, ते त्यांचे त्यांनाच उमगते. श्रवणयंत्राने हरवलेला आवाज कानात पुन्हा पोहोचू लागला की अनेकांच्या बाबतीत कर्णनाद पार्श्वभूमीला सरकतो. सर्वांच्या बाबतीत तसे होत नाही, आणि यंत्र काढल्यावर तो पुन्हा पुढे येतो, हेही मी आधीच सांगते.

दुसरी गोष्ट म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा मानसोपचार. २०२० च्या कॉक्रेन परीक्षणात २८ अभ्यास आणि २,७३३ रुग्ण होते आणि कर्णनादाचा जगण्यावरील जाच या पद्धतीने कमी होतो, असा निष्कर्ष निघाला. आवाज कमी होतो असा दावा त्यात नाही. रुग्णाला "मानसिक आहे, दुर्लक्ष करा" असे सांगून परत पाठवणे आणि ही थेरपी देणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आवाज खराच असतो. त्याच्याभोवती जमा झालेली भीती, रात्रीची धास्ती आणि "हा वाढतच जाणार" ही खात्री, यांवर पद्धतशीर काम करता येते. सासूबाईंच्या खोलीत निजानीज झाल्यावर पूर्ण शांतता ठेवू नका. पंखा किंवा पावसाचा मंद ध्वनी चालू ठेवा, मात्र नाद पुरता झाकला जाईल एवढा मोठा नको.

काही लक्षणांमध्ये धाग्यावर चर्चा करत न बसता त्वरित कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर ती तातडीची बाब आहे; स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत, आणि जितक्या लवकर तितका अधिक, होण्याची शक्यता असते. "मळ असेल, बघू" म्हणत महिना घालवलेली माणसे मी पाहते तेव्हा जीव तुटतो. नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडणारा आवाज असेल, तर रक्तवाहिन्यांची तपासणी लागते. एकाच कानात नाद असून त्याच कानाने कमी ऐकू येत असेल, तर बहुधा एमआरआय सांगतात, तो टाळू नये.

ऐरोली_नॉलेज_पार्क

खाडीकाठ काका, आपल्या निराशेशी मी पूर्ण सहमत नाही. औषधांची गाडी अडली असेल, पण यंत्रांची पुढे गेली आहे. डब्लिनच्या कंपनीचे लेनायर हे यंत्र हेडफोनमधून आवाज देते आणि त्याच वेळी जिभेवर सौम्य विद्युत्स्पंद देते. २०२० मध्ये त्यांचा ३२६ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला आणि मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधे आणि वैद्यकीय यंत्रे यांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने) त्याला परवानगी दिली. मला वयाच्या तिशीतच हा त्रास सुरू झाला. मीटिंगमध्ये हेडसेट लावला की काम चालते, काढला की शिट्टी. बहीण परदेशात असते, तिच्याकरवी यंत्र मागवण्याच्या विचारात आहे. वाट पाहत बसण्यापेक्षा जे हाती आहे ते घ्यावे, असे मला वाटते.

खाडीकाठ (कोलशेत, ठाणे)

आपल्या वयात हा आवाज सोबतीला घेऊन काम करणे किती कठीण असते, ते मी जाणतो; म्हणून आपले म्हणणे मी खोडून काढत नाही, फक्त त्या अभ्यासांत काय आहे ते मांडतो. २०२० च्या अभ्यासात तिन्ही गटांना या ना त्या प्रकारचे खरे यंत्रोपचारच मिळाले. नकली यंत्र मिळालेला गट नव्हता. नंतरच्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ११२ जण होते. त्यांना पहिले सहा आठवडे नुसता ध्वनी आणि पुढचे सहा आठवडे ध्वनी आणि जीभ असे दोन्ही देण्यात आले. ज्यांचा त्रास मध्यम किंवा त्याहून तीव्र होता, त्यांच्यापैकी सुमारे ५९ टक्के लोकांना दुसऱ्या टप्प्यात जाणवण्याइतका फायदा झाला आणि नुसत्या ध्वनीच्या टप्प्यात सुमारे ४३ टक्क्यांना. फरक आहे, तो मी नाकारत नाही. पण नुसत्या ध्वनीने ४३ टक्के लोकांना बरे वाटले, हा आकडा मला अधिक बोलका वाटतो, कारण ध्वनी आपल्याला फारसा खर्च न करता मिळू शकतो. शिवाय ज्यांचा त्रास सौम्य होता त्यांच्यात जिभेच्या स्पंदांचा वेगळा फायदा दिसला नाही, तेव्हा आपला त्रास कोणत्या पायरीवर आहे हे आधी मोजून घ्यावे.

मला जास्त आशा आहे ती मिशिगन विद्यापीठातील सुसान शोर यांच्या कामाकडून. मेंदूच्या मुळाशी, जिथे कानाकडून येणारे संदेश पहिल्यांदा पोहोचतात, तिथेच मान आणि जबड्याकडून येणारे स्पर्शाचे संदेशही मिसळतात. कर्णनादात तिथल्या चेतापेशी अवाजवी आणि एकसाथ पेटत राहतात, हे त्यांच्या गटाने आधी प्राण्यांमध्ये दाखवले आणि मग आवाज व त्वचेवरील विद्युत्स्पंद यांची वेळ अशी जुळवली की त्या पेशी शांत व्हाव्यात. २०२३ च्या त्यांच्या चाचणीत ९९ रुग्ण होते. प्रत्येकाला सहा आठवडे खरा उपचार आणि सहा आठवडे नुसता ध्वनी मिळाला, मध्ये सहा आठवड्यांचा खंड होता, आणि आपल्याला कधी काय मिळत आहे ते रुग्णांना ठाऊक नव्हते. यात रुग्णाची स्वतःशीच तुलना होते आणि ती आंधळी असते, म्हणून मी तिला वजन देतो. मान वळवल्यावर किंवा जबडा आवळल्यावर ज्यांचा नाद बदलतो अशाच रुग्णांना घेतले होते, ही तिची मर्यादा. आपला नाद बदलतो का, ते आजच करून पाहा.

ढोलताशा_कळवा

मी पथकात ताशा वाजवतो. विसर्जनानंतर कान बंद पडतात आणि दोन दिवसांत मोकळे होतात, असे आम्ही सगळेच धरून चालायचो. या खेपेस शिट्टी राहिली. तपासणी केली तर ऑडिओग्राम पूर्ण सामान्य आला आणि "तुम्हाला काही झालेले नाही" असे सांगण्यात आले. काही झालेले नसेल तर आवाज कशाचा येतो? आणि मी आता वाजवणे सोडून द्यावे का?

नौपाड्यातील ऑडिओलॉजिस्ट

दादा, नेहमीचा ऑडिओग्राम सामान्य येणे आणि कानाला काहीच न होणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २००९ मध्ये शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर दाखवून दिले की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी काही दिवसांत पूर्ववत झाली, तरी हेअर सेल आणि नस यांना जोडणारे दुवे मोठ्या प्रमाणावर कायमचे तुटलेले होते. शांत खोलीत बारीक आवाज ओळखायला उरलेले दुवे पुरतात, म्हणून तपासणीत दोष दिसत नाही. गर्दीत बोलणे समजायला मात्र ते अपुरे पडतात. माणसांमध्ये हे नेमके किती घडते आणि जिवंत माणसात ते कसे मोजायचे, यावर अजून वाद आहेत, त्यामुळे तुमच्या बाबतीत हेच झाले असे मी म्हणणार नाही. नेहमीची तपासणी ८,००० हर्ट्झपर्यंतच होते. त्यावरच्या पट्टीची आणि ओटोअकॉस्टिक एमिशनची (आवाज ऐकवल्यावर कानातून परत येणारा सूक्ष्म ध्वनी टिपणारी) तपासणी मागून घ्या.

वाजवणे सोडा असे मी सांगत नाही. संगीतकारांसाठी मिळणारे, सर्व पट्ट्यांतील आवाज सारखाच उतरवणारे प्लग लावा, कापसाच्या बोळ्यांवर विसंबू नका. सरावात मधून मधून ताशांपासून दूर जाऊन कानांना विश्रांती द्या. आणि तुमच्या पथकातल्या ज्या मुलांना अजून शिट्टी लागलेली नाही, त्यांना हे आत्ताच सांगा.

वाशी_सेक्टर_सतरा

माझ्या चुलतबहिणीचा मुलगा जन्मतः ऐकू शकत नाही. २०२४ मध्ये जीन थेरपीने मुले ऐकू लागल्याची बातमी आली आणि आमच्या घरात तिच्याशिवाय दुसरा विषय नव्हता. त्याच सुमारास एका खासगी दवाखान्याने "स्टेम सेलने कानाची नस पुन्हा जिवंत करू" असे सांगून तिच्याकडून आगाऊ रक्कम घेतली. माझ्या वडिलांनाही कर्णनाद आहे आणि त्याच दवाखान्याने त्यांनाही तेच पॅकेज देऊ केले. दोन वेगवेगळ्या दुखण्यांना एकच औषध, हे ऐकूनच मला शंका आली.

खाडीकाठ (कोलशेत, ठाणे)

आपली शंका योग्य होती. ती बातमी खरी आहे आणि मोठीही आहे. शांघायच्या फुदान विद्यापीठातील डॉक्टरांनी जानेवारी २०२४ मध्ये सहा मुलांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांपैकी पाच जणांना ऐकू येऊ लागले. त्या मुलांमध्ये ओटीओएफ या जनुकात दोष होता. या जनुकापासून बनणारे ओटोफर्लिन नसेल, तर हेअर सेल शाबूत असूनही तिचा संदेश नसेपर्यंत पोहोचत नाही. जनुक पेशीत पोहोचवण्यासाठी विषाणू वाहक म्हणून वापरतात; हे जनुक एका विषाणूवाहकात मावत नाही इतके मोठे असल्यामुळे त्याचे दोन भाग करून दोन वाहकांतून पाठवले गेले. म्हणजे यंत्रणा जागेवर होती आणि एकच दुवा नव्हता, म्हणून तो पुरवता आला. गोंगाटाने किंवा वयाने ज्यांच्या पेशीच गेल्या आहेत, त्यांना या उपचाराचा उपयोग नाही. मला तो नाही, आपल्या वडिलांनाही नाही. बहिणीच्या मुलाची जनुकीय तपासणी मात्र जरूर करून घ्यावी. तो दोष असो वा नसो, कॉक्लियर इम्प्लांटबद्दलचा (शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या, नसेला थेट संदेश देणाऱ्या यंत्राबद्दलचा) सल्ला लांबवू नये, कारण भाषा शिकण्याचे कोवळे वय थांबून राहत नाही. वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्थेत या तपासण्यांचे मार्गदर्शन मिळू शकते.

स्टेम सेलविषयी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे निःसंदिग्ध आहेत : रक्ताच्या ठरावीक आजारांतील प्रत्यारोपण वगळता बाकी वापर हा संशोधनाचा भाग म्हणून, मान्यता घेऊनच करता येतो, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेणे योग्य नाही. चाचणी खरी असेल तर तिची सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंद असते. ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. नोंदणी क्रमांक विचारा. तो मिळाला नाही तर भरलेली रक्कम लेखी अर्ज करून परत मागा.

ऐरोली_नॉलेज_पार्क

काका, जबडा आवळून पाहिला. उजवीकडे आवळला की माझी शिट्टी स्पष्ट चढते. काल कर्णनादाचा जाच मोजणारी, टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरीची पंचवीस प्रश्नांची यादी भरली, गुण ३४ आले, म्हणजे सौम्य गटात. त्रास त्याहून जास्त वाटत होता, म्हणून उत्तरे पुन्हा तपासली, तरी तेवढेच. बहिणीला यंत्र तूर्त घेऊ नकोस असे कळवले आहे. दाताच्या डॉक्टरांनी पूर्वीच रात्री दात खाण्याबद्दल सांगितले होते, ते आता मनावर घेतो. मराठीतून कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी देणारे कोणी ठाण्यात किंवा नवी मुंबईत आहे का?

नौपाड्यातील ऑडिओलॉजिस्ट

खासगी व्यक्तींची नावे इथे देत नाही. नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा आणि पहिल्याच भेटीत विचारा की त्यांनी निद्रानाशावर किंवा दीर्घकालीन वेदनेवर ही पद्धत वापरली आहे का. तिथला अनुभव कर्णनादात बराचसा कामी येतो. खर्चाचा प्रश्न असेल, तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे, तिथून संदर्भचिठ्ठी मागता येईल. जाताना गुणांची ती यादी बरोबर ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा भरा.

सीवूड्सची वाचक

सासूबाईंना श्रवणयंत्र चाचणीसाठी घरी मिळाले आहे. भांड्यांचा आवाज फार मोठा येतो म्हणून स्वयंपाकघरात त्या ते काढून ठेवतात, दिवाणखान्यात मात्र लावतात, आणि नातवाचे बोलणे आता परत विचारावे लागत नाही. नाद आहे तसाच आहे, असे त्या म्हणतात. रात्री पावसाचा आवाज लावून ठेवतो. अंथरुणात उठून बसणे कमी झाले आहे. गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोललो, गिंको त्यांनी थांबवले. भांड्यांच्या आवाजासाठी यंत्रात काही बदल करता येतो का?

नौपाड्यातील ऑडिओलॉजिस्ट

येतो. अचानक येणारे मोठे आवाज दाबण्याची सोय बहुतेक डिजिटल यंत्रांत असते, ती वाढवून घ्या आणि सुरुवातीला एकूण आवाजही थोडा उतरवून घ्या. कानाला सवय होत जाईल तसा तो टप्प्याटप्प्याने वाढवता येतो. फेरजुळणीला जाताना सासूबाईंनाच बरोबर न्या, आणि स्वयंपाकघरातले एखादे ताट-वाटीही घेऊन जा, म्हणजे तिथेच वाजवून पाहता येईल.